गाडी कोण चालवत होतं?

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

डावा हात. एवढंसं लिहायला सकाळ गेली. पहिलीतल्या पोरांसारखं अक्षर — तिरकं, रेघ सोडून पळणारं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे हात धरून गिरवून घेतलं. आता माझा कोण धरणार?

उजवा खांद्यापासून लोंबतो. आहे, पण नाही. बोटाला टाचणी टोचली तरी कळत नाही, आणि आत मात्र सारखी आग! डॉक्टर म्हणाले, नसा तुटल्या की असंच होतं. असंच म्हणजे किती दिवस? "बघू."

बोटं आखडली. पुरे.

२० ऑगस्ट

अंघोळ नाही. वेणी नाही. दूध उतू गेलं, समोर उभी राहून बघितलं. गॅस बंद करायचं सुचलंच नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

इथे तरी खरं लिहू दे.

गाडी मी चालवत नव्हते.

हर्षदा चालवत होती. मी मागे बसले होते. गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी बारडोलीला मावसबहिणीकडे जाऊन स्कूटरवर सुरतेला, उधन्याच्या घरी परत येत होतो. पलसाण्याला एका मिलच्या फाटकापाशी टेम्पोशी अपघात झाला म्हणतात. एवढंच. त्याआधीचं उसाच्या रसाचं दुकान आठवतं. ग्लासात बर्फच जास्त म्हणून मी कटकट केली, हर्षदा लाजली, तेही आठवतं. मग एकदम हॉस्पिटलचा पंखा. मधलं सगळं पुसलेलं.

शुद्धीवर आले तेव्हा जयंत कानाशी वाकलेले. (नवऱ्याला समोर 'अहो' म्हणते. इथे नाव लिहिते. इथे कोण ऐकतंय!) म्हणाले, "पोलीस येतायत. हर्षदाकडे कच्चं लायसन्स आहे. गाडी तू चालवत होतीस असं सांग. नाहीतर पोरीचं नर्सिंगचं ॲडमिशन जाईल." हर्षदा पायाशी उभी होती. कपाळाला पट्टी, कोपर खरचटलेलं, बाकी धड. मी मान हलवली. पोलिसाला सांगितलं — मीच चालवत होते.

टेम्पोच्या ड्रायव्हरने सांगितलं — टेम्पो उभा होता, स्कूटर मागून जोरात येऊन आदळली.

दोन्ही मिळून कागदावर काय झालं? सुनंदाबाईंनी उभ्या टेम्पोला धडक दिली. हात गेला तो स्वतःच्या चुकीने!

हर्षदाला एकदाच विचारलं, नक्की काय झालं गं? "मला काही आठवत नाही." आणि उठून गेली.

तिला आठवतं. आई आहे मी, एवढं कळतं.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. सोसायटीतल्या सगळ्या बायका घरी. आरतीला टाळ्या वाजवता येईनात, तर एकीने माझ्याकडे बघून आपल्याही टाळ्या थांबवल्या. आत निघून गेले.

संध्याकाळी शाळेतली तारा आली. आम्ही एकाच दिवशी नोकरीला लागलो होतो. मी डोळे मिटून पडले. बाहेर सासूबाईंची अहिराणी — "निजेल शे ती." तारा बराच वेळ बसली. जाताना दारातून म्हणाली, "सुनंदा, झोपली नाहीस तू. तुझं नाक हलतंय. पुन्हा येईन."

हसू यायला हवं होतं. आलं नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

फार वाईट झालं.

हर्षदा माझी वेणी घालत होती. रोज कॉलेजला जायच्या आधी घालते, मुकाट्याने. आज गुंता ओढला गेला. मी ओरडले, "हळू!" ती म्हणाली, "सॉरी." परत ओढला गेला. आणि माझ्या तोंडून गेलं —

"तू ब्रेक दाबला असतास तर आज मला तुझ्या हातून वेणी घालून घ्यावी लागली नसती!"

फणी थांबली. आरशात ती दिसत नव्हती, फक्त तिचे हात दिसत होते. मग हात परत चालायला लागले. वेणी पूर्ण केली, रबर लावलं, फणीतले केस काढून गुंडाळी केली. पिशवी घेऊन गेली.

निदान भांडायचं तरी!

४ सप्टेंबर

ती जेवली नाही. मीही नाही.

९ सप्टेंबर

आता वेणी सासूबाई घालतात. हर्षदा मी उठायच्या आत जाते. एकाच घरात राहतो आणि तिचं तोंड दिसत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

कपडे काढायला गच्चीवर गेले. कपडे एका हाताने काढता येतात, त्यात विशेष नाही. काढले नाहीत. कठड्यापाशी उभी राहिले. खाली पॉवरलूमची खडखड, भाजीवाला, कुणाचा तरी मोबाइल. मला काहीच वाटत नव्हतं. भीतीसुद्धा नाही. एवढंच वाटत होतं — मी नसले तर हर्षदाला माझ्यासमोरून मान खाली घालून जावं लागणार नाही. अगदी सरळ हिशेब वाटला. तेव्हा वाटला.

मागून सासूबाई. त्यांचे गुडघे जिना चढत नाहीत, तरी आल्या. धापा टाकत होत्या.

"काय देखस तठे? कपडा वाळना नहीत अजून. चाल खाले."

मी हलले नाही.

त्यांनी माझा पदर धरला. हात नाही, पदर. घट्ट. "तू गई ना, ते मी कोनासंगे भांडू?"

आम्ही दोघी तिथेच पाण्याच्या टाकीला टेकून बसलो. त्या नंदुरबारच्या कुणाकुणाच्या गोष्टी सांगत राहिल्या. ऊन उतरेपर्यंत पदर सोडला नाही.

१३ सप्टेंबर

गच्चीच्या दाराला कुलूप. किल्ली सासूबाईंच्या कमरेला. जयंतना काय सांगितलं कुणास ठाऊक. ते माझ्याकडे बघतात आणि पेपर उघडतात.

१५ सप्टेंबर

तारा आली. या वेळी झोपायचं नाटक जमलं नाही.

म्हणाली, "केस का नाही केलीस?" मी म्हटलं, माझीच चूक आहे, कागदावर आहे. "कागद कुणी लिहिला? टेम्पोवाल्याने, आणि तू — तेही भूल उतरली नव्हती तेव्हा. ऊठ. कोर्टात मोफत वकील मिळतो. बाई असली की मिळतो, पगार विचारत नाहीत. माझ्या नणंदेला मिळाला होता."

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मी रजा टाकली आहे शुक्रवारची. तू आली नाहीस तर मी एकटीच कोर्टात जाऊन बसेन. मला काही कामही नाही तिथे."

ही बाई अशीच आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

गेलो. जयंतना सांगितलं नाही.

अठवा लाइन्सचं कोर्ट. काळे कोट, झेरॉक्सची दुकानं, चहाची टपरी. मोफत कायदा मदतीची खोली एका कोपऱ्यात. तिथे बसल्या बसल्या घाम फुटला. वाटलं, सगळ्यांना दिसतंय की मी खोटं बोललेली बाई आहे.

गायत्रीबेन नावाची वकील दिली. चाळिशीची असेल. मराठीच, पण जन्म सुरतेतला. मधूनच 'ना'च्या जागी गुजराती 'ने' लावते. पोलिसांचा कागद वाचला, माझ्या हाताकडे बघितलं, हात कसा पडलाय तेही बघितलं.

"तुम्ही मागून आदळलात?"

"मला आठवत नाही."

"मग आदळलात हे कुणी सांगितलं तुम्हाला?"



म्हणाली, अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत टाकायचा. म्हणजे जानेवारी उजाडला की दार बंद होत आलं असं समजायचं. मध्ये दिवाळीची सुट्टी. "वेळ आहे, पण बसून राहण्याएवढा नाही."

मग एकदम — "झोप लागते? भूक? रडू येतं?"

मी म्हटलं, रडू येत नाही. तेच तर.

तिने पेन खाली ठेवलं. "सुनंदाबेन, मनाला झालेली इजासुद्धा इजाच असते. ती पण अर्जात लिहिता येते. पण डॉक्टरचा कागद लागेल. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. केससाठी जाऊन या, चालेल ने?"

केससाठी. ठीक आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

सिव्हिल. सासूबाई बरोबर. मी आत जाऊन सरळ सांगितलं, "मला केससाठी कागद हवा आहे."

डॉक्टर बाई तरुण, हर्षदापेक्षा थोडी मोठी असेल. म्हणाली, "कागद देईन. आधी बसा."

खूप विचारलं. हाताचं, शाळेचं, घराचं. मी हो-नाही करत होते. मग ती थांबली, आणि वेळ काय झाली असं विचारावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "जगू नये असं वाटतं का?"

आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळे विचारतात हात कसा आहे.

मी म्हटलं, "हो." आणि रडू फुटलं. इतक्या दिवसांचं! नाकातोंडातून. एका हाताने पुसता पुसेना, तर तिने उठून स्वतः पुसलं.

ती म्हणाली, हा आजार आहे. तुमच्या स्वभावाचा दोष नाही, आणि तुम्ही कमकुवत नाही. गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर एकट्या राहू नका. वाटलं की लगेच सांगायचं, यायचं, वेळ बघायची नाही. सासूबाईंना आत बोलावून सगळं समजावलं. त्यांनी कमरेची किल्ली काढून तिला दाखवली.

कागद घ्यायचा राहूनच गेला. सासूबाईंनी परत जाऊन आणला.

संध्याकाळी समोरच्या मैदानात गरबा सुरू झाला. कानांवर उशी.

३० सप्टेंबर

तोंड कोरडं पडतं. दुपारी झोप. तारीख लक्षात राहते हल्ली, एवढं बरं.

६ ऑक्टोबर, सोमवार

मगनभाई म्हणून एक जण आले. टेम्पोमालकाचा माणूस; टेम्पो त्या फाटकाच्या मिलवाल्यांचाच. सफेद शर्ट, मिठाईचा पुडा, तोंडभर "बेन, बेन." जयंत घरी होते. गायत्रीबेनची नोटीस टेम्पोमालकाला पोचली होती — आणि जयंतना माझ्याऐवजी मगनभाईंकडून कळलं!

"बेन, शुं काम कोर्टना चक्कर? पतावी दो ने, मिटवून टाका. शेठ माणुसकीने काही देतील. हात काय परत येणार आहे?"

मी पाणी पुढे केलं.

मग पाणी पिता पिता म्हणाले, "जयंतभाई आमच्या बाजूच्याच मिलमध्ये ने? डिस्पॅच बघता ने? तुमचे शेठ आणि आमचे शेठ रोज बरोबर जेवतात."

जयंतचा चेहरा उतरला.

उठताना, चपला घालता घालता — "आणि बेन, त्या दिवशी फाटकासमोर माणसं उभी होती. गाडी छोकरी चालवत होती, हे बघितलंय लोकांनी. पोलिसाला तुम्ही वेगळंच सांगितलंत. आम्ही कशाला कुणाच्या पोरीचं वाईट करू? बस, समजून घ्या."

आतल्या खोलीत काहीतरी पडलं. हर्षदा होती आत.

पुडा तसाच टेबलावर. सासूबाईंनी उचलला आणि जिन्यातून मगनभाईंच्या मागे गेल्या. परत आल्या तेव्हा हात रिकामे.

७ ऑक्टोबर

जयंत सकाळपासून भांडतायत. न सांगता वकील केलास! वेड्यांच्या डॉक्टरचा कागद कोर्टात देणार! उद्या पोरीच्या लग्नात कुणी काढलं तर?

मी म्हटलं, "अहो, मी गच्चीवर उभी होते."

ते म्हणाले, "मला माहीत आहे."

म्हणजे माहीत होतं! आणि पेपर वाचत होते!

मग ते माझ्यासमोर खाली बसले. म्हणाले, "काय बोलायचं असतं अशा वेळी? मला येत नाही गं." आणि डबा न घेताच कामाला गेले.

राग येतो. दयाही येते. दोन्ही एकदम आलं की दमायला होतं.

२० ऑक्टोबर

दिवाळी. घरात तळणाचा वास नाही. कोर्ट बंद.

३ नोव्हेंबर

आज आपण होऊन अंघोळ केली. केस धुतले. पाणी चांगलं वाटलं. एवढंच, पण वाटलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शाळेत गेले. शिकवायला नाही — तारा म्हणाली, नुसती ये. माझा वर्ग. खडू डाव्या हातात धरून 'सुप्रभात' लिहिलं. अक्षरं घसरत फळ्याच्या कडेला गेली. वर्ग चिडीचूप. मग मागच्या बाकावरून — "बाई, रेघ आखून घ्यायची ना!" मीच रोज ओरडायचे ते वाक्य! सगळा वर्ग हसला आणि मीही.

घरी आल्यावर रात्रीपर्यंत पडूनच राहिले. पण हसले होते, ते लिहून ठेवते.

११ नोव्हेंबर, मंगळवार



गायत्रीबेनने सहीला बोलावलं. प्रतिज्ञापत्र वाचून दाखवत होती — "मी शपथेवर सांगते की सदर दिवशी मी स्वतः स्कूटर चालवीत असताना..."

मी म्हटलं, "थांबा."

ती थांबली.

"मी चालवत नव्हते. मुलगी चालवत होती."

तिने कागद टेबलावर टाकला. मग चिडली. चांगलीच! "मला आज सांगताय? दोन महिने मी कुठल्या गोष्टीवर काम करतेय?" फाइल बंद केली, उघडली. "पोलिसांपुढे बोललात ते शपथेवर नव्हतं. हे शपथेवर आहे. इथे खोटं लिहायचं असेल तर दुसरी वकील बघा."

"पण तिचं ॲडमिशन —"

"कच्चं लायसन्स आहे ने तिचं? मागे पक्क्या लायसन्सवाली आई. फार तर दंड होईल. ॲडमिशन कोण काढून घेतंय? कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी आठवायला लागले. जयंत म्हणाले तेवढंच, बाहेरच्या कुणीच नाही. आम्हीच ठरवलं, आम्हीच घाबरलो.

ती नरमली. पाणी दिलं. मग सावकाश म्हणाली, "तुम्ही मागे बसला होतात, म्हणजे तुमची चूक असूच शकत नाही. पण एक समजून घ्या. तुम्ही खरं सांगितलंत की ते विचारणार — मग उभ्या टेम्पोवर गाडी कुणी घातली? बोट मुलीकडे जाणार. तिला समोर यावं लागेल. विचार करून या."

दाराशी पोचले तेव्हा तिने मागून हाक मारली. "ते मगनभाई काय म्हणाले होते? फाटकासमोर माणसं उभी होती?"

"हो."

"चांगलं झालं बोलले ते. मग ती माणसं मला शोधायला हवीत."

१२ नोव्हेंबर

जेवताना सांगितलं. सगळ्यांसमोर.

जयंतनी ताट सरकवलं. "कोर्टात पोरीला उभी करणार तू? स्वतःच्या पोरीविरुद्ध?"

मी म्हटलं, शपथेवर खोटं लिहिणार नाही. पण हर्षदा नको म्हणाली तर काहीच लिहिणार नाही, केस सोडून देते.

हर्षदा उठली. मला वाटलं, गेली आत. दारात थांबली. पाठ आमच्याकडेच.

"करू दे तिला. मी येईन."

"तुला कळतंय का काय बोलतेस?" जयंत ओरडले.

"बाबा, मला रोज कळतंय."

दार लावून घेतलं. सासूबाईंनी तिचं ताट झाकून ठेवलं.

सप्टेंबरनंतर आज पहिल्यांदा तिचा इतका आवाज ऐकला. मी दाराशी गेले. हात वर केला, पण वाजवलं नाही. काय म्हणणार होते? मी बोलले ते परत घेता येतं का?

१७ नोव्हेंबर

वाईट दिवस. गोळी असूनसुद्धा. छातीवर पाटा ठेवल्यासारखं. हर्षदाने उभ्या टेम्पोवर गाडी घातली, हे कोर्टात वाचलं जाईल. जन्मभर तिच्या नावापुढे राहील. मी सही करणार म्हणून! हात गेला तो माझा. तिचं काय काय जाणार?

सासूबाईंना सांगितलं — आज तसं वाटतंय. सांगायचं असतं म्हणून सांगितलं. त्यांनी भाजी निवडायला माझ्याच खोलीत आणली.

१८ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे. गोळी वाढवली. म्हणाल्या, असे दिवस येतील. काल तुम्ही सांगितलंत, हे मोठं आहे. मोठं-बिठं काही वाटलं नाही. भाजी निवडून झाली एवढंच.

२१ नोव्हेंबर

नव्या कागदावर सही केली. डाव्या हाताने. गाडी मुलगी चालवत होती, अपघाताचं मला काही आठवत नाही. खरं तेवढंच. अर्ज दाखल झाला.

आता परत फिरता येणार नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

गायत्रीबेनचा फोन. स्वतः पलसाण्याला जाऊन आली. फाटकासमोर एक बाई चहा-भजीची गाडी लावते — धुरपदाबाई, आपल्याच खानदेशातली. अपघात तिच्या डोळ्यांदेखत झाला. "पण विचारलं की हात जोडते. म्हणते, मिलवाले मला बसू देणार नाहीत. मी नंबर देऊन आले आहे. जबरदस्ती नाही करता येत."

काय बघितलं तिने? गायत्रीबेनला तेही सांगितलं नाही.

एक मन म्हणतं, येऊ दे. दुसरं म्हणतं, नको येऊ बाई! तू येशील, सांगशील की पोरगी वेड्यासारखी सुसाट आली. मग हर्षदा कुठे जाईल?

रिंग वाजली की आधी नंबर बघते.

२९ नोव्हेंबर

जयंतना शेठने बोलावलं होतं. 'घरचं लफडं मिटवा' म्हणाले. जयंत म्हणाले, "मी सांगितलं, ते मिटवण्यासारखं नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते चपला जागेवर ठेवत होते. "नोकरी गेली तर दुसरी बघू. उधन्यात काय कमी आहेत का!" बोलले एकदाचे.

आज मीच ताट वाढलं. भात सांडला. जयंतनी तो वेचला.

२ डिसेंबर, मंगळवार

धुरपदाबाईने स्वतः फोन केला! गुरुवारी येते म्हणाली. गायत्रीबेन म्हणते, मुलीलाही आणा, तिचंही लिहून घ्यायचं आहे.

हर्षदाला सांगितलं. पांढरी पडली. "कोण बाई?" मी म्हटलं, चहाच्या गाडीवाली. ती खाली बसली. मी विचारलं, तुला आठवते का ती? ओढणीचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "आई, तिला नको ना बोलावू."

"का गं?"

"नको."

एवढंच. आता मला खात्री झाली आहे. पोरीने काहीतरी केलं आहे, आणि परवा मी शेजारी बसून ऐकणार आहे.

देवा, मला परत तसं काही बोलायला लावू नकोस तिला.

४ डिसेंबर, गुरुवार

धुरपदाबाई आली. मगनच्या माणसांनी तिची गाडी परवा तिथून उचलायला लावली, म्हणून आली. "आते कोनले भ्याऊ?"

तिने सांगितलं ते तसंच लिहिते.

"स्कूटर उभी व्हती. बाजूले. पोर मोबाइल देखी राह्यनती. टेम्पो फाटकमाईन रिव्हर्समा मांगे मांगे उना. आम्ही आरोळ्या मारात, डायवरनी ऐकं नही. हाई बाईनी पोरले जोरमा ढकली दिधं. पोर तिकडे पडनी. बाईना हात टेम्पोमा अडकना."

आणि माझ्याकडे वळून, "तुले याद नही का वं माय?"

नाही. मला काही आठवत नाही.

हर्षदा शेजारी. मान खाली. सगळं माहीत होतं तिला, पहिल्या दिवसापासून!

रिक्षात बसल्यावर बोलली. "मेरिट लिस्टचा मेसेज आला होता. तो बघायला मी तिथे थांबवली गाडी. तू मला ढकलून वाचवलंस, हे सांगायची हिंमतच झाली नाही. मी थांबवली नसती तर तुझा हात —"

मी म्हटलं, "गाडी उभी होती ना?"

"हो."

"मग झालं तर."

ती रडायला लागली. मी डावा हात तिच्या गळ्यात टाकला, आणि उधना येईपर्यंत आम्ही दोघी तशाच.

उद्यापासून वेणी तीच घालणार.